खिंडीपलीकडची लाल चादर

अहो, आपली केतकी येत्या शुक्रवारी खिंड पार करायची म्हणते. तुम्ही असतात तर मी तुमच्यावर ओरडले असते, सगळा दोष तुमच्या माथी मारून मोकळी झाले असते आणि मग मुकाट्याने थर्मास धुऊन ठेवला असता. आता ओरडू कुणावर? तुमच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे पडलेत. ते काही उलट उत्तर देत नाहीत.

तुम्हाला जाऊन महिनासुद्धा झालेला नाही. लोक भेटायला येतात, बसतात, ‘कसं झालं’ विचारतात. मी सांगते, ऑफिसात, खुर्चीत, डबा उघडायच्या आधी. ऐकून ते हळहळतात. मला मात्र अजून राग येतो. इतकी वर्षं मी डोंगराकडे डोळे लावून बसले. पाय घसरेल, दरड येईल, पाणी संपेल, साप चावेल, सगळं मनात आधीच घडवून ठेवलं होतं. आणि तुम्ही गेलात ते एसीत बसून, सपाट फरशीवर. तुमच्या दुबईतल्या अल क्वोजच्या वर्कशॉपमधून सावंत भावजींचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. ‘वहिनी, साहेबांना जरा बरं नाही,’ ते म्हणाले, आणि जन्मभर काळजी करत आलेल्या मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. म्हटलं, ॲसिडिटी असेल. उरलेले मटार सोलून ठेवले. जिथे काळजी करायची तिथेच नेमकी केली नाही, असं रोज सकाळी उठल्यावर वाटतं.

डोंगराचं हे खूळ तुम्ही जुन्नरहून बरोबर आणलंत. शारजात आलो तेव्हा मला वाटलं होतं, सुटले बाई, वाळवंटात कुठला डोंगर. पण पहिल्याच हिवाळ्यात रास अल खैमाहच्या रस्त्यावर तुम्हाला ती करडी भिंत दिसली आणि तुम्ही गाडी कडेला घेतलीत. मी अलिबागची. माझ्या लेखी डोंगरावर झाडं हवीत, झाडाखाली बसायला सावली हवी. इथे नुसता दगड. भाजलेला, फुटलेला, पायाखाली खुळखुळणारा दगड. ‘सुनंदा, अगं वर माणसं राहतात,’ तुम्ही म्हणालात. आणि खरंच राहत होती. दगडाची घरं, दगडाच्या बांधात धरलेली मूठभर शेतं. वर्षातून चार सरी पडल्या तर त्यावर जव पिकवायची. तुम्ही वरून आलात की मला त्यांच्याबद्दल असं सांगायचात, जसं काही तुमचे मामेभाऊच तिथे नांदतात.

नोव्हेंबर लागला की तुमचे शुक्रवार गेलेच. कुठली वादी कुठे जाते, म्हणजे ही इथली कोरडी नदी, कुठल्या कड्याला वाट आहे, कुठली दोन शिखरं एका दिवसात होतील, जेवताना दुसरा विषय नाही. बरोबर सावंत भावजी. वर्कशॉपमध्ये ते फोरमन आणि तुम्ही साहेब, पण डोंगरात कोण कुणाचं ऐकतंय. खिंड पार करायची म्हणजे एका वादीतून चढायचं आणि दुसरीत उतरायचं. गाडी राहणार अलीकडे आणि माणूस पोचणार पलीकडे. पहिल्या वेळी हा साधा विचार तुम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यात पलीकडे उतरल्यावर आला. पाण्याच्या टँकरवर बसून, धुळीनं पांढरेफटक होऊन, संध्याकाळी घरी आलात. मी दारातच म्हटलं, ‘तिकडेच राहायचं होतं.’ तुम्ही म्हणालात, ‘तू लायसन्स काढ.’

ते लायसन्स कसं निघालं ते माझं मला माहीत. टेस्ट घेणारा पोलीस दर वेळी ‘खलास, मॅडम’ म्हणून उतरून जायचा आणि मी घरी येऊन रडायचे. शेवटी मिळालं. मग पहाटे तुम्हा दोघांना डोंगराच्या अलीकडे सोडायचं, आपल्या सेकंडहँड जीपनं सगळा वळसा घालून वादी बिहमध्ये शिरायचं आणि त्या खडीच्या रस्त्यानं एकटीनं आत जाऊन थांबायचं. पेट्रोल पंपावरचा मल्याळी पोरगा विचारायचा, ‘मॅडम, अकेला?’ मी म्हणायचे, ‘साहब ऊपर है.’ तो बिचारा आभाळाकडे बघायचा.

मी कुरकुर केली की तुमचं उत्तर ठरलेलं. ‘काळजी तर तू घरी बसूनही करणार. मग पलीकडे येऊन कर, निदान घरी यायला गाडी तरी मिळेल.’ काय माणूस होतात तुम्ही. बायकोच्या जिवाला लागलेला घोरसुद्धा कामाला लावलात.

थांबणं म्हणजे काय, ते तुम्हाला कधी कळलं नाही. चालणाऱ्याला पुढचं पाऊल असतं. बसणाऱ्यानं काय करायचं? मी जीपच्या काचा पुसायचे. पुसून झाल्या की पुन्हा पुसायचे. बाभळीखाली शेळ्या यायच्या, त्यांच्यामागे खांद्यावर छोटी कुऱ्हाड टाकलेला म्हातारा अबू रशीद यायचा. त्याला आपल्यासारखंच मोडकं हिंदी यायचं. मी विचारायचे, ‘चाचा, आएगा ना?’ तो म्हणायचा, ‘आएगा, इन्शाल्ला.’ मला इतका संताप यायचा. अरे, हो म्हण नाहीतर नाही म्हण, देवावर काय ढकलतोस. आणि मग दुपारी कधीतरी, दुर्बीण डोळ्यांना लावून लावून पाणी आलेलं असताना, वर खिंडीत काहीतरी लखकन चमकायचं. तुमचा दाढीचा आरसा. पोचलो. मी माझा पर्समधला आरसा काढून खालून उत्तर द्यायचे. दिसलं. एवढंच आपलं बोलणं. पुढे हातात मोबाइल आले, पण वादीत शिरलं की रेंज जायची, त्यामुळे आरसे काही सुटले नाहीत.

पण त्या आरशांत एक खोट होती. ‘पोचलो’ आणि ‘दिसलं’ एवढंच त्यांना बोलता यायचं. ‘नको’ म्हणता यायचं नाही.

नाळेचा दिवस मी विसरायचं म्हटलं तरी विसरू शकत नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला नाळ, म्हणजे पाण्यानं कोरलेली डोंगरातली घळ, दिसली की ती उतरायची वाट वाटते. पावसाळ्यात पाणी, उन्हाळ्यात माणसं, असं तुम्हीच मला समजावलं होतंत. नाळ धरली की पायथ्याचं गाव लागणारच. त्या दिवशी खिंडीतून उतरताना तुम्हा दोघांना तशीच एक नाळ दिसली, सरळ खाली आलेली, ऐसपैस, आणि उजवीकडच्या कडेनं जाणारी खरी वाट सोडून तुम्ही तिच्याकडे वळलात. वरून तुम्हाला ती माझ्या पायाशी आल्यासारखी दिसत होती. मला खालून दिसत होतं की ती येत नाही. मधेच कापलेली आहे. पाण्यानं घासून गुळगुळीत केलेला कडा, आणि त्याच्याखाली काहीच नाही.

मी हॉर्न दाबून धरला. तो तिथल्या तिथेच घुमला. मग आरसा काढला आणि हात दुखेपर्यंत चमकवत सुटले. तुम्हाला काय वाटलं? मंडळी आज खुशीत आहेत. तुम्ही वरून आरसा चमकवून मलाच उत्तर दिलंत. मी ओरडत होते, नका, नका, आणि तुम्ही मला हात हलवत होतात.

दोन-तीन टप्पे तुम्ही घसरत उतरलात, पुन्हा वर चढता येणार नाहीत असे. मग कड्यावर येऊन थांबलात. खाली जाता येईना, वर जाता येईना. मी अनवाणी अबू रशीदच्या घराकडे पळाले, चपला जीपपाशीच राहिल्या. त्यानं एकदा वर पाहिलं आणि म्हणाला, ‘वो पानी का रास्ता है. आदमी का नहीं.’ मग त्याचे पुतणे दोर घेऊन गेले. तुम्हाला वर ओढून घेतलं, खऱ्या वाटेनं खाली आणलं. दिवस मावळत होता. तुमचे तळहात सोललेले, सावंत भावजींच्या पँटीची चाळण झालेली. मला वाटलं, आता तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही म्हणालात, ‘चहा आहे का?’ थर्मास तुमच्या डोक्यात घालावासा वाटला होता. घातला नाही, हे माझे उपकार.

त्याच्या पुढच्या शुक्रवारपासून मी आपल्या लग्नातली लाल सोलापुरी चादर जीपमध्ये टाकली. ठरलं असं की तुम्ही नाळेच्या तोंडाशी आलात आणि चुकीकडे वळायला लागलात, तर मी चादर टपावर पसरायची. लाल दिसलं की थांबायचं. हा नियम तुमचा. पण अहो, माझ्याच्यानं तो पाळवेना. तुम्ही चुकेपर्यंत मी हातात घडी घेऊन बघत बसू? तुम्ही नाळेच्या जवळ दिसलात की मी लगेच चादर पसरायचे. दर वेळी. चुकलात न चुकलात, मला काय त्याचं. तुम्ही तोंडाशी जरा थांबायचात, मला वाटायचं पाणी पिताय, मग उजवीकडे वळून वाटेला लागायचात.

यावरून आपली भांडणं सुरू झाली ती संपली नाहीत. ‘अगं, उगाच पसरलीस तर तिला अर्थ काय राहिला? धोक्याची खूण धोक्यालाच दाखवायची असते.’ असं तुम्ही मला सिग्नल यंत्रणेवर लेक्चर द्यायचात. मी म्हणायचे, ‘धोका झाल्यावर दाखवून काय पूजा करायची तिची?’ सावंत भावजी मागच्या सीटवर झोपेचं सोंग घ्यायचे. शारजा येईपर्यंत आपलं चालायचं. वर्षानुवर्षं तेच भांडण. आता वाटतं, सगळ्यात जास्त आपण त्या रस्त्यावरच बोललो असू.

शेवटचं भांडणही तेच. तुम्ही जायच्या आदल्या दिवशी, जेवणं झाल्यावर. यंदा केतकीला खिंडीवर नेणार, तिला शब्द दिलाय, असं तुम्ही जाहीर केलंत. मी म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत नाही. तुमचा एक जीव धोक्यात घातलात तेवढा पुरे, माझी एकुलती एक पोर नाही. तुम्ही हसलात. ‘आणि यंदा ती चादर उगाच पसरू नकोस,’ म्हणालात, ‘पोरीसमोर हसं होतं माझं.’ मी ताटं उचलून आत गेले. सकाळी तुम्ही निघालात तेव्हा ‘येताना कोथिंबीर आणा’ म्हटलं. बस्स. म्हणायचं ते खूप होतं, पण संध्याकाळ पडलीच होती की त्यासाठी.

आता केतकी म्हणते, ‘आई, बाबा प्रॉमिस्ड मी.’ तुमचा आरसा तिनं तुमच्या सॅकमधून काढून घेतलाय. मी नाही म्हटलं. तर्‍हेतर्‍हेनं नाही म्हटलं. रडून झालं, अबोला धरून झाला. अलिबागला फोन करून आईकडून सांगून पाहिलं. पोरगी आवाज चढवत नाही, हीच तर तिची खोड, अगदी तुमच्यासारखी. परवा कॉलेजातून आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, ‘यू डोन्ट हॅव टु लाइक इट, आई. जस्ट बी देअर.’ म्हणजे तुमचंच, पलीकडे येऊन काळजी कर. तुम्ही दोघांनी माझ्यापाठीमागे काय काय ठरवून ठेवलंय कुणास ठाऊक.

सावंत भावजी येतो म्हणालेत. ‘वहिनी, मी आहे ना,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘तुम्ही नाळेतही होतात.’  मग माझं मलाच वाईट वाटलं, चहा टाकला.

मी हो म्हटलेलं नाही. फक्त थर्मास धुतलाय.

*

वरचं लिहून ठेवलं त्याला आठवडा झाला. पुढचं आज लिहिते.

गेले मी. पहाटे दोघांना सोडलं. केतकीनं तुमची टोपी घातली होती, तिला ती कपाळावर येत होती. मी खिडकीतून सगळं सांगून घेतलं. दोर घेतलाय का, पाणी जपून पी, सावंत काकांच्या पुढे जाऊ नकोस. ती म्हणाली, ‘यल्ला, आई, जा आता.’ पुढे गेले आणि जीपच्या आरशात पाहिलं तर दोघं चढणीला लागलीही होती.  तुम्हाला सोडून निघताना मी हक्कानं शिव्या देऊ शकत होते. पोरीला काय देणार.

वादी बिहमध्ये आपल्या जागेवर जीप लावली. बाभळीची एक फांदी मोडलीय. अबू रशीद थकलाय आता, पण आला शेळ्यांमागून. जीपमध्ये डोकावला. ‘साहब ऊपर?’ मी म्हटलं, ‘साहब खलास, चाचा. अब बेटी ऊपर.’ तो तिथेच दगडावर बसला, माझ्याबरोबर, कुऱ्हाड मांडीवर ठेवून. बराच वेळ गेल्यावर मी विचारलं, ‘आएगी ना?’ तो म्हणाला, ‘आएगी.’ थोडं थांबून हळूच म्हणाला, ‘इन्शाल्ला.’ या वेळी राग आला नाही. मीही मनात म्हटलं, इन्शाल्ला.

काचा तीनदा पुसल्या.  ऊन डोक्यावर आलं, कललं, तरी वर काही नाही. एकेक करून सगळं घडलं माझ्या मनात, तुमच्या वेळी घडायचं तसंच, फक्त या वेळी टोपी कपाळावर येणाऱ्या पोरीला. आणि मग चमकलं. तुमचाच आरसा, तीच जागा. अहो, क्षणभर मी विसरले. खरंच विसरले. मला वाटलं तुम्हीच. उत्तर द्यायला आरसा काढताना पर्स पालथी झाली.

मग दोन ठिपके उतरायला लागले. दुर्बिणीतून टोपी ओळखू आली. ठिपके नाळेच्या तोंडाशी येत चालले तसा माझा हात सवयीनं चादरीकडे गेला. आणि तुमचं बोलणं आठवलं. उगाच पसरू नकोस, पोरीसमोर हसं होतं माझं. माझ्याशी झालेलं तुमचं ते शेवटचं भांडण, मी त्याला उत्तरही दिलं नव्हतं. म्हटलं, बरं. एवढी वर्षं ऐकलं नाही, आज ऐकते. तुमच्या नियमानं. चुकली तरच.

चादरीची घडी छातीशी धरून मी उभी राहिले. 

ठिपके तोंडाशी आले आणि थांबले. म्हटलं, पाणी पितायत. तुम्ही प्यायचात तसं. पण पाणी किती वेळ प्यायचं? दोघं हलेनात. ना नाळेकडे, ना वाटेकडे. एक ठिपका खाली बसला.  लागलं की काय हिला, चक्कर आली की काय. अबू रशीद उठून उभा राहिला. तेवढ्यात आरसा चमकला. ती तर आता पोचायची जागाही नव्हती. पुन्हा चमकला, पुन्हा. थांबेचना. मी आरशानं उत्तर दिलं, दिसलं. तरी आपलं चालूच. कुणीतरी दार ठोठावत राहावं तसं.

मग मला राहवलं नाही. नियम गेला खड्ड्यात. घडी झटकली आणि चादर टपावर पसरली. अबू रशीदनं दुसरं टोक धरून ओढलं.

आरसा थांबला. बसलेला ठिपका उठला. दोघं उजवीकडे वळून कडेच्या वाटेला लागले.

खाली आली ती घामाघूम, ओठ फुटलेले, आणि माझ्यावरच चिडलेली. ‘आई, व्हॉट वॉज दॅट? चादर का नाही दाखवलीस? वुई वर जस्ट सिटिंग देअर.’ मी म्हटलं, ‘अगं, तू चुकली नव्हतीस. चुकलीस तरच दाखवायची, तुझ्या बाबांचा नियम आहे.’ ती म्हणाली, ‘नो. बाबांनी मला सांगितलं होतं, नाळेचं तोंड आल्यासारखं वाटलं की थांबायचं. वरून दोन्ही वाटा सारख्याच दिसतात, दरवर्षी दगड हलतात, त्यांनाही कधी कळायचं नाही. आईची चादर दिसेपर्यंत पाऊल उचलायचं नाही. ती दिसली की उजवीकडे वळायचं.’

मी सावंत भावजींकडे पाहिलं. ते बुटातले खडे काढत होते. मान वर न करता म्हणाले, ‘हो वहिनी. साहेब चादर दिसल्याशिवाय तिथून हलायचे नाहीत कधी. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.’

केतकीनं थर्मास उघडला. मी जीपला टेकून उभी होते, चादर अजून टपावर तशीच होती.

अहो, मग शारजापर्यंत माझ्याशी भांडत का यायचात?